विश्लेषण : भावी डॉक्टरांच्या ‘बोलण्या’ची परीक्षा व्हिडिओवर कशी घेतात?

‘च्यातली साखर बंद केलीया की. मग गोळ्या कशाला?’

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्रीचा एक शेतकरी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आला आहे. उसाच्या फडात पायाला झालेली जखम महिनाभर भरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, ‘साखर वाढली आहे.’ बिद्री म्हणजे साखर कारखान्याचे गाव. तिथल्या माणसाने ‘साखर’ म्हणजे चहातली साखर असाच अर्थ घेतला. निदान बरोबर होते, पण ते रुग्णापर्यंत पोहोचलेच नाही. गोळ्या बंद झाल्या, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

हा प्रसंग काल्पनिक आहे. मात्र असे प्रसंग चित्रित करून वैद्यकीय विद्यार्थ्यांचे संवादकौशल्य तपासता येते.

परीक्षा नेमकी कशी होते?

दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला जातो. रुग्ण आणि डॉक्टरच्या भूमिकेत बहुधा कलाकार असतात, कारण खऱ्या रुग्णाचे चित्रण त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही. मोक्याच्या क्षणी व्हिडिओ थांबतो आणि प्रश्न येतात. रुग्णाच्या मनात काय चालले असेल? डॉक्टरांचे काय चुकले? आता तुम्ही काय म्हणाल? उत्तर लिहून द्यायचे असते किंवा बोलून रेकॉर्ड करायचे असते.

गुण कशाला मिळतात?

वरच्या प्रसंगात ‘तुम्हाला मधुमेह आहे, गोळ्या घ्याव्याच लागतील’ हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ‘मामा, साखर वाढली म्हणजे काय झालं असं तुम्हाला वाटतं?’ असे आधी विचारणारा विद्यार्थी पुढे जातो. सोप्या शब्दांत समजावणे, भीतीची दखल घेणे आणि शेवटी ‘घरी गेल्यावर काय काय करणार, ते मला सांगा’ असे रुग्णाकडूनच वदवून घेणे, यालाही गुण असतात. निकष आधीच ठरलेले असल्याने परीक्षकाच्या मर्जीला फारसा वाव राहत नाही.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा वापर सुरू केला. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये ‘ऑस्की’ ही परीक्षा पद्धत मांडली. त्यात विद्यार्थी एकेका टेबलावर जाऊन ठरावीक वेळेत काम करून दाखवतो. मात्र प्रत्येक विद्यार्थ्यासमोर कलाकार बसवणे खर्चिक असते. शिवाय दिवसभरात तोच संवाद तिसाव्यांदा म्हणताना कलाकारही थकतो. व्हिडिओतला रुग्ण मात्र सर्वांसमोर सारखाच येतो.

भारतात काय स्थिती आहे?

२०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ हा स्वतंत्र भाग आला. त्यामुळे आधी वरिष्ठांकडे पाहून शिकायची ही गोष्ट आता शिकवणे आणि तपासणे आवश्यक झाले.

स्थानिक व्हिडिओच का हवा?

महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांत अखिल भारतीय कोट्यातून परराज्यांतले विद्यार्थीही येतात. ‘पायाला मुंग्या येत्यात’ हे मधुमेहात नसांवर परिणाम झाल्याचे लक्षण असू शकते. ज्याला मराठी येत नाही, तो खऱ्याखुऱ्या मुंग्या शोधेल. परदेशी इंग्रजी व्हिडिओ पाहून ही अडचण सुटत नाही. रुग्णाऐवजी त्याचा मुलगाच उत्तरे देतो किंवा रुग्ण न समजताही मान डोलावतो, हेसुद्धा इथल्याच चित्रणात दिसेल.

व्हिडिओ पुरेसा आहे का?

नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. व्हिडिओ परीक्षा प्रामुख्याने दुसऱ्या पायरीवर थांबते. पडद्यावरचा रुग्ण उलट प्रश्न विचारत नाही, रडत नाही, उठून जात नाही. त्यामुळे अंतिम कस ओपीडीतच लागतो. बाहेर रांग लागलेली असताना ‘मामा, काय समजलं ते सांगा बघू’ असे विचारायला डॉक्टर अर्धा मिनिट थांबतो का, यावर बिद्रीच्या शेतकऱ्याचा पाय अवलंबून असतो.