मेणाची वडी जपून ठेवा

सुरुवातीला भाकरी अडकते. मग भात उतरत नाही आणि पुढे पाणीसुद्धा छातीत थांबते. आमच्या दिंडोशीत तोवर माणूस ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत गोळ्या खातो, कारण खाडा करून दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे परवडत नाही. अखेर दुर्बीण घालून अन्ननलिकेतला बारीकसा तुकडा काढतात. आठवड्याने पुन्हा सांगतात, आणखी एक तपासणी करावी लागेल. घरची मंडळी चिडतात. एकदा तुकडा दिला ना, मग पुन्हा पैसे कशाचे?

त्या तुकड्याला मेणाच्या वडीत बसवतात. वडीचे केसाहून पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात, निळा-गुलाबी रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आपल्याकडे अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा असतो. तंबाखू आणि दारू ही त्याची ओळखीची कारणे. मिश्री म्हणजेही तंबाखूच, हे आमच्या माता-भगिनी विसरतात.

पण शंभरांत एखाद्या-दुसऱ्या रुग्णात वेगळेच दिसते. लहान, गडद निळ्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. हा ‘स्मॉल सेल’ कर्करोग असू शकतो. पंचाईत अशी, की लिम्फोमा हा दुसराच कर्करोगही पुष्कळसा असाच दिसतो आणि चिमट्यात चिरडलेल्या पेशीही फसवतात. म्हणून त्याच वडीचे नवे काप घेऊन त्यांवर सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन अशा प्रथिनांची तपासणी करतात. रोग फुफ्फुसातून तर आला नाही ना, हे स्कॅन करून पाहतात. नाव बदलले की उपचार बदलतो: स्मॉल सेल झपाट्याने पसरतो, त्यामुळे त्यात शस्त्रक्रियेपेक्षा केमोथेरपी व किरणोपचारांवर भर असतो. वाट पाहण्याचे ते चार दिवस वाया जात नाहीत.

परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. असे काचेवर डोळे लावून बसणारे डॉक्टर रुग्णाला सहसा भेटत नाहीत, पण पुढचे सगळे त्यांच्या दोन ओळींवर ठरते.

दुसऱ्या दवाखान्यात जाताना नुसता कागद नेऊ नका. मेणाची वडी आणि काचपट्ट्या मागून घ्या, त्यांवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा. वडी असली तर बहुधा पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. आणि पत्र्याच्या घरात ती माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात मेण मऊ होते.