गोठलेली जमीन मेलेली नसते

जानेवारीत पारा 16 अंशांवर आला की मुंबईतल्या नायगावात पहाटे कानटोप्या दिसू लागतात. थंडीची आपली ओळख एवढीच. त्यामुळे आर्क्टिक किंवा हिमालय तापतोय म्हटलं की वितळणारा बर्फ डोळ्यांपुढे येतो आणि विचार तिथेच थांबतो. बर्फाखालची माती, तिच्यातले सूक्ष्मजीव आणि तिच्यावरची झुडपं यांचं काय होतं, हे कुणी फारसं विचारत नाही. खरं तर हा विषय आपल्याला इतका परकाही नाही. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती, आर्क्टिकमध्ये स्वालबार्डचं हिमाद्री (2008) आणि स्पितीतलं हिमांश (2016) ही भारताची संशोधन केंद्रं चालवणारी राष्ट्रीय संस्था शेजारच्या गोव्यात, वास्कोला आहे.

गैरसमज: बर्फाखाली सगळं निपचित पडलेलं असतं.

वस्तुस्थिती: जाड बर्फ ही मातीची गोधडीच असते. वर हवा उणे 20 अंश असली, तरी खालची माती त्याहून बरीच उबदार राहते. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर न गोठता टिकतो आणि त्यात जिवाणू, बुरशा कुजवण्याचं काम संथपणे चालू ठेवतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की आर्क्टिकची कायम गोठलेली जमीन हिवाळ्यात सुमारे 170 कोटी टन कार्बन हवेत सोडते. उन्हाळ्यात तिथल्या वनस्पती शोषतात तो सुमारे 100 कोटी टन. थंडीचे महिने हिशेबातून वगळले, तर सगळं चित्रच चुकतं.

दुसरी गोष्ट आणखी अनपेक्षित आहे. हिवाळा उबदार झाला आणि बर्फ कमी पडला, तर पांघरूण गेल्यामुळे माती उलट जास्त खोल गोठू शकते. बारीक मुळं तुटतात आणि मातीतला नायट्रोजन झाडांच्या वाट्याला न येता पाण्याबरोबर वाहून जातो. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात संशोधकांनी जमिनीवरचा बर्फ मुद्दाम बाजूला सारून हे तपासलं आहे.

गैरसमज: ऊब वाढली की ओसाड प्रदेश हिरवे होतील, मग नुकसान कसलं?

वस्तुस्थिती: हिरवळ वाढते, हे खरं आहे. अलास्कात आणि सायबेरियात झुडपं पसरली आहेत. पण ती गडद असल्यामुळे ऊन जास्त शोषतात आणि बर्फ अडवून खालची माती उबदार ठेवतात. उत्तर गोलार्धातल्या कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. वातावरणात आज जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की सूक्ष्मजीव तो खाऊ लागतात. कोरड्या जागी त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, दलदलीत मिथेनही.

आपल्या हिमालयाचं उदाहरण घ्या. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी 1849-50 मध्ये सिक्कीममध्ये कोणती वनस्पती किती उंचीवर आढळते, याच्या नोंदी केल्या होत्या. संशोधकांनी त्या आजच्या स्थितीशी ताडून पाहिल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 124 प्रदेशनिष्ठ प्रजातींपैकी 87 टक्के प्रजातींचं क्षेत्र सरकलेलं दिसलं, बहुतांशी वरच्या दिशेने. पण डोंगर वर निमुळता होत जातो आणि झाडाबरोबर त्याची माती वर चढत नाही. माथ्यावरची माती पातळ, मुळांना साथ देणाऱ्या बुरशाही तिथे असतीलच असं नाही. माथ्यावर आधीपासून असलेल्या वनस्पतींना तर पुढे जायला जागाच उरत नाही. दादरच्या बाजारात येणाऱ्या हिमाचली सफरचंदालाही हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते. ती खालच्या कुलूमध्ये अपुरी पडू लागली, तशा बागा लाहौल-स्पितीकडे वर सरकल्या.

गैरसमज: वितळलेल्या मातीतून प्राचीन जंतू उठतील आणि जगभर साथ पसरेल.

वस्तुस्थिती: हे भय 2016 सालच्या सायबेरियातल्या एका खऱ्या घटनेने वाढवलं. यामालमध्ये असामान्य उष्ण उन्हाळ्यात अँथ्रॅक्सने दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एक बारा वर्षांचा मुलगाही दगावला. जमीन जास्त खोल वितळल्यामुळे जुने बीजाणू उघडे पडले, असं मानलं जातं. पण अँथ्रॅक्स हा जुना, ओळखीचा रोग आहे, माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही आणि त्यावर लस आहे. यामालमध्ये रेनडिअरचं लसीकरण 2007 मध्ये थांबवलं गेलं होतं. प्लेगची लस देणाऱ्या हाफकिनांचं नाव मिरवणारी संस्था नायगावच्या शेजारी परळलाच आहे, तेव्हा लसीकरण थांबवण्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. दुर्लक्ष मात्र नको. तरीही वितळत्या मातीतला मोठा धोका रोगजंतूंचा नाही, तर निरुपद्रवी सूक्ष्मजीव सोडत असलेल्या कार्बनचा आहे.

गैरसमज: अंटार्क्टिकात काहीच उगवत नाही.

वस्तुस्थिती: शेवाळं आणि दगडफूल भरपूर आहेत, फुलणाऱ्या देशी वनस्पती मात्र दोनच. भारती केंद्राजवळ सापडलेल्या शेवाळाला भारतीय संशोधकांनी 2021 मध्ये ‘ब्रायम भारतीएन्सिस’ हे नाव दिलं.

मुंबईतून दर उन्हाळ्यात लेह-स्पितीच्या सहली निघतात. तिथे रस्ता सोडून कुरणात गाडी घालू नका. त्या हिरवळीखालची बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागलेली असतात.