भ्रष्टाचाराची मुळे

राजकारणातील भ्रष्टाचाराचा विषय निघाला, की आपण सारे पुढाऱ्यांकडे बोट दाखवितो आणि मोकळे होतो. बोट दाखविणे चूक नाही; परंतु पुढारी काही आकाशातून पडत नाही. तो आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असतो.

आपल्या राज्यातील सिमेंटचे प्रकरणच घ्या. १९८० च्या सुमारास सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. माल अपुरा, भाव बांधलेला आणि परमिट सरकारच्या हाती! ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांचे प्रकरण उजेडात आणले. देणग्या आणि बिल्डरांना मिळालेले सिमेंट यांची सांगड होती, असा निर्णय जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी दिला व अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटला मात्र पुढे वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळला. १९८९ साली कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले.

मला या हकिकतीत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांचा विचार अधिक करावासा वाटतो. बांधलेला भाव आणि काळ्या बाजारातील भाव यांत मोठी तफावत असली, की देणगी वजा जाताही फायदाच उरतो. आणि काळ्या बाजारातले गिऱ्हाईक कोण? पावसाळ्यापूर्वी घराचा स्लॅब टाकू पाहणारा तुमच्याआमच्यासारखाच गृहस्थ. पुढे १९८२ मध्ये काही प्रमाणात आणि १९८९ मध्ये पूर्णपणे नियंत्रण उठले. परमिट गेले, देण्याची सवय राहिली. चहापाणी, चिरीमिरी, वजन ठेवणे – लाचेला आपल्या भाषेत किती सोज्वळ नावे आहेत पाहा!

हे मी दुरून लिहीत नाही. आमचा दादा एम.ए., बी.एड. आहे. एका अनुदानित संस्थेत जागा निघाली, तेव्हा मुलाखतीआधीच आकडा कळला. वडिलांनी विहिरीजवळचा अर्धा एकर विकायला काढला आहे. घरात याला कोणी लाच म्हणत नाही, 'डोनेशन' म्हणतात. "पैसे घेऊन काम तरी होतंय ना," असे आई म्हणते. लागलेली रक्कम दादाच्या लग्नात मुलीकडून वसूल करता येईल, असे मामांचे गणित आहे. म्हणजे लाचेचा हप्ता आता कोणा अनोळखी मुलीच्या बापाने फेडायचा! या साखळीत मंत्री कोठेही नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तीनुसार लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळविले, तर त्याला संरक्षण आहे. मी हे कलम वडिलांना वाचून दाखविले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तक्रार केल्यावर नोकरी कोण देईल रे?"

जमिनीचा व्यवहार अजून व्हायचा आहे.