तिसरा आला त्याची होडी

हेलसिंकी 1952 म्हटलं की मराठी माणसाला खाशाबा जाधव आठवतात. मीही खाशाबांच्याच निमित्ताने त्या ऑलिम्पिकचे जुने निकाल चाळायला घेतले होते. कुस्ती संपली तरी चाळणं थांबेना आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतींपाशी जाऊन मी जो अडकलो तो अडकलोच. एकट्याने चालवायच्या होडीच्या गटात पहिला डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम, दुसरा ब्रिटनचा चार्ल्स करी, तिसरा स्वीडनचा रिकार्ड सार्बी. एल्व्हस्ट्रॉम म्हणजे या खेळातला ब्रॅडमन. 1948 पासून लागोपाठ चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं. करी हा फेअरी मरीन या होड्या बांधणाऱ्या कंपनीतला. आणि सार्बी? सगळे स्पर्धक ज्या जातीच्या होडीत बसले होते, ती ‘फिन’ होडीच मुळी त्याने आखलेली. धंद्याने हा गृहस्थ उप्सालाचा केशकर्तनकार.

तेव्हापासून एल्व्हस्ट्रॉमपेक्षा मला सार्बीचंच जास्त कौतुक. एल्व्हस्ट्रॉमवर लिहायला सगळं जग बसलं आहे.

सार्बी आणि त्याचा भाऊ शिडाच्या कनू बांधायचे. कनू म्हणजे अरुंद, हलकी, जरा तोल गेला की पाणी दाखवणारी होडी. स्वीडनच्या सरोवरांवर तिचं मोठं वेड होतं. 1948 च्या ऑलिम्पिकमध्ये, टॉर्कीच्या समुद्रात, सार्बी चौथा आला. तिथे वापरलेली ‘फायरफ्लाय’ खरं तर दोघांची होडी. एकट्या माणसाने ती रेटायची म्हणजे जोराच्या वाऱ्यात हाल. पुढच्या वेळचे यजमान फिनलंडचे. त्यांनी 1949 मध्ये एकट्याच्या नव्या होडीसाठी आराखड्यांची स्पर्धा लावली. सार्बीने आराखडा पाठवला आणि परीक्षकांनी तो काही निवडला नाही.

इथे दुसरा कोणी असता तर चार शिव्या हासडून कात्री हातात घेता. सार्बीने होडी स्वतः बांधली. कागदावर बाजूला पडलेली ती होडी प्रत्यक्ष पाहिल्यावर तिला 1950 च्या चाचणी शर्यतींत उतरू दिलं आणि तिने बाकीच्यांना मागे टाकलं. नाव ठेवलं ‘फिन’, शिडावर खूण दोन निळ्या लाटांची. माझ्या मते परीक्षकांचं चुकलं ते एवढंच, की होडी ही कागदावर वाचण्याची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं. नामवंत अभियंत्यांच्या शेजारी केस कापणाऱ्याचं नाव पाहून नाकं मुरडली गेली का, हा प्रश्न मनात येतो. पण त्याला पुरावा नाही, तेव्हा तो सोडून देतो.

फिनची लांबी साडेचार मीटर, वजन डोलकाठीसकट सुमारे 145 किलो, शीड एकच, साधारण दहा चौरस मीटरचं. पोट गोलाईचं. हा गोलवा सुताराचा घाम काढतो. प्लायवूडचा पत्रा एका दिशेला वाकतो. एकाच वेळी दोन दिशांना वळवायला गेलात तर चिरतो. मग लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे, त्यांच्या पट्ट्या साच्यावर तिरक्या चिकटवायच्या, वरचा थर उलट्या तिरक्या दिशेने, आणि सरस वाळेपर्यंत प्रत्येक पट्टी दाबून धरायची. फेअरीवाल्यांकडे त्याची जलद रीत होती. युद्धकाळातल्या विमानांच्या कामातून आलेली, भट्टीत उष्णता आणि दाब देऊन लाकूड घडवण्याची.

पण फिनचा जीव तिच्या डोलकाठीत. तिला तोलून धरणारी एकही तार नाही. बुडाशी भोकात रोवलेली काठी, बस्स. वाऱ्याचा झोत आला की ती वाकते, शिडाचा फुगार सपाट होतो, वरची कड उघडते आणि जास्तीचा वारा निसटतो. आता हे नेमकं किती वाकणं हवं? ते चालवणाऱ्याच्या देहावर. नव्वद-शंभर किलोचा गडी होडीबाहेर अंग टाकून ताठ काठी सांभाळतो; सत्तर किलोच्या माणसाला तीच काठी उलटवते, त्याला मऊ हवी. म्हणून हे लोक रंधा घेऊन बसायचे. काठी आडवी टेकवायची, तिला वजन टांगायचं, किती झुकली ते मोजायचं, पुढच्या अंगाचा एक पापुद्रा काढायचा, पुन्हा टांगायचं. पुढे-मागे वाकणं वेगळं, आडवं वाकणं वेगळं. दोन्हींचा हिशोब स्वतंत्र. हात जरा जास्त चालला की पुन्हा लाकूड चिकटवणं आलं.

होड्या सगळ्यांच्या सारख्या असाव्यात हा नियम, आणि नियमाच्या पोटात एवढी मुभा. मला ही तडजोड फार शहाणी वाटते. नुसत्या पैशाने ती काठी मिळत नसे. आपलं वजन, आपले हात, आपल्या पाण्यातला वारा ठाऊक असावा लागे. एल्व्हस्ट्रॉमची थोरवी याच्याशी जोडलेली आहे. पाय पट्ट्यांत अडकवून बाहेर लोंबण्यासाठी मांड्या आणि पोट तयार व्हावं म्हणून तो घरातच खास बाकावर सराव करायचा. हेलसिंकीत तर करी त्याच्यापासून गुणांनी कोसभर मागे होता. तोल सावरायला लोक पाण्याने जड केलेले स्वेटर अंगावर चढवू लागले. कंबर आणि गुडघे कामातून गेले, तेव्हा कुठे त्या ओझ्याला मर्यादा आली.

1968 मध्ये अकापुल्कोला लाकडी काठ्या होत्या. 1972 मध्ये कीलला ॲल्युमिनियमच्या, नव्वदीत कार्बन. काठी आता कारखान्यातून आकडे लिहून मागवायची. वेग वाढला, तक्रार कशाला करायची? तरी मी करतो.

सार्बीच्या विचाराला एक स्वस्त धाकटं भावंड मिळालं ते डेन्मार्कच्या क्नुड ओल्सेनकडून, 1956 च्या सुमारास. आद्याक्षरं उलटवून ‘ओके’. चार मीटरची ही होडी सपाट प्लायवूडच्या पत्र्यांची. चौकटी उभ्या करा, पत्रे ठोका, कडा घासा. घरी कोणालाही जमावी याच बेताने आखलेली, आणि डोलकाठी इथेही बिनतारेची. हीच ओके 1982 च्या आशियाई खेळांत मुंबईच्या समुद्रात शर्यतीला होती. खेळ दिल्लीचे, पण होड्या आपल्याकडे.

फिन 2020 च्या टोकियो खेळांपर्यंत ऑलिम्पिकमध्ये टिकली; त्या शर्यती कोविडमुळे 2021 मध्ये एनोशिमाला झाल्या. 2008 मध्ये नचत्तर सिंग जोहल आपल्याकडून फिनमध्ये उतरला होता. मग नव्या वेळापत्रकात तिला जागा उरली नाही आणि शंभर किलोच्या धिप्पाड गड्याला ऑलिम्पिकमध्ये एकट्याने चालवायला होडी राहिली नाही. या निर्णयामागची कारणं मी वाचली आहेत, पटलेली नाहीत. वर्गाचं जागतिक अजिंक्यपद, ‘फिन गोल्ड कप’, 1956 पासूनचं. ते अजून होतं, आणि तिथे साठी ओलांडलेले लोकही शंभर किलोंनिशी बाहेर लोंबताना दिसतात.