केसांना फाटे फुटतात, तर तेलाच्या गोळ्या खाव्यात का?

सोयाबीनची सुगी आटोपली, हातात जरा वेळ आला, म्हणून आज केसांविषयी बोलू या. विषय वरवरचा वाटेल, पण यात आपला पैसा आहे आणि आपली तब्येतही आहे.

मागे सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईंनी पिशवीतून एक डबा काढला. आत पिवळसर, पारदर्शक, तेलानं भरलेल्या गोळ्या होत्या. ताई म्हणाल्या, "केसांना फाटे फुटायलेत. एक बाई घरी आली होती. म्हणाली, वरून तेल लावून काही होत नाही, तेल पोटातून गेलं पाहिजे. माझी तीन महिन्यांची बचत गेली यात. आता तरी केस नीट होतील का?"

बैठक तिथंच पुन्हा बसली. कारण वेणीचं टोक हातात घेऊन पाहिलं, तर निम्म्या बायांच्या केसांना फाटे होते. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी तुटक तुटक दिलं गेलं. आज ते नीट सांगतो.

केस म्हणजे काय?

केसाचा जिवंत भाग फक्त कातडीच्या आत असतो, मुळाशी. तिथं रक्त पोचतं, तिथंच केस तयार होतो. कातडीच्या बाहेर जो केस दिसतो, तो नखासारखा निर्जीव असतो. म्हणूनच केस कापला की दुखत नाही, मुळातून ओढला की दुखतं.

हा बाहेरचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आत बारीक तंतूंचा पीळ आणि त्यावर खवल्यांचं आवरण. कौलारू घरावर कौलं कशी एकमेकांवर चढवून बसवलेली असतात, तसे हे खवले बसलेले असतात. कौलं शाबूत आहेत तोवर घर सुरक्षित. कौलं निसटली की पाऊस थेट आढ्यात. केसाचंही तसंच आहे. वरचे खवले झिजले की आतले तंतू मोकळे होतात आणि टोकाला दोन-तीन फाटे फुटतात. बैलाच्या कासऱ्याचं टोक वापरून वापरून विसकटतं, अगदी तसं.

म्हणजे फाटे फुटणं हा मुळाचा आजार नाही, ती टोकाची झीज आहे.

आता एक सोपा हिशेब करा

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुमची वेणी मुळापासून टोकापर्यंत साठ सेंटिमीटर असेल, तर टोक साठ महिन्यांचं, म्हणजे पाच वर्षांचं झालं. पाच वर्षांपूर्वी उगवलेला केस आज तुमच्या वेणीच्या टोकाला आहे. त्यानं पाच उन्हाळे सोसले, शेकडो वेळा तो धुतला गेला, हजारो वेळा विंचरला गेला.

आज तुम्ही तेलाची गोळी खाल्ली, तर ती पचून रक्तातून फार तर मुळापर्यंत जाईल. टोकापर्यंत जायला रस्ताच नाही, कारण निर्जीव केसात रक्त वाहत नाही. गोळीनं नवा केस थोडा चांगला उगवला असं धरलं, तरी तो टोकाशी पोचायला पाच वर्षं लागतील, आणि तोवर त्याचीही तेवढीच झीज झालेली असेल. कुडाला लावलेल्या पऱ्हाटीला खत घालून ती हिरवी होते का? तसंच हे.

म्हणून ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की तेलाच्या गोळ्या खाऊन फुटलेले फाटे जुळत नाहीत आणि नवे फुटायचेही थांबत नाहीत.

मग खाण्याचा केसांशी संबंधच नाही का?

आहे, पण तो मुळाशी आहे. काही स्निग्ध घटक शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांना ओमेगा-३ आणि ओमेगा-६ म्हणतात. ते फारच कमी पडले तर कातडी कोरडी पडते, केस गळतात. पण रोजच्या स्वयंपाकात तेल वापरणाऱ्या घरात इतका तुटवडा सहसा होत नाही.

गोळ्यांच्या डब्यावर जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते आपल्या घरात कुठं आहे ते पाहा. करडईच्या तेलात ओमेगा-६ भरपूर असतं. सोयाबीन तेलात दोन्ही असतात. आणि ओमेगा-३ साठी जवसासारखं दुसरं धान्य नाही. एक मोठा चमचा जवसाची पूड किंवा चटणी खाल्ली, की बाईची त्या दिवसाची गरज भागते. मात्र जवस भाजून, कुटून खावं. अख्खं गिळलं तर बरंचसं न पचता तसंच बाहेर पडतं. आपल्या आज्या भाकरीबरोबर जवसाची आणि कारळ्याची चटणी खात होत्या. आपण जवस पेरणं सोडलं, आणि आता तीच वस्तू डब्यात बंद होऊन दारात विकायला येते.

गोळ्यांच्या बाजूनं एक अभ्यास दाखवला जातो, तोही सांगतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केस विरळ होत असलेल्या १२० स्त्रिया होत्या. त्यातल्या काहींना सहा महिने ओमेगा-३, ओमेगा-६ आणि इतर काही पोषक द्रव्यांच्या गोळ्या दिल्या. त्यांचं केस गळणं कमी झालं, केस थोडे दाट झाले. पण तो अभ्यास गळतीचा होता, फाट्यांचा नव्हता. शिवाय गोळीत तेलासोबत इतर द्रव्यंही होती, त्यामुळे गुण एकट्या तेलाचा असं म्हणता येत नाही.

तेल वरून लावल्यानं काय होतं?

त्या विक्रेत्या बाईनं सांगितलं होतं, वरून लावून काही होत नाही. खरं तर फाट्यांच्या बाबतीत उलटं आहे. वरून लावलेलं तेलच उपयोगाचं, पण योग्य तेल, योग्य वेळी.

याचा अभ्यास आपल्याच मुंबईत झाला. पॅराशूट तेल बनवणाऱ्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल ही तिन्ही केसांवर वापरून पाहिली. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. धुण्याआधी किंवा धुतल्यानंतर खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिन कमी वाहून गेलं. बाकी दोन तेलांनी तसा फायदा झाला नाही. खोबरेलातलं मुख्य मेदाम्ल लहान आणि सरळ असतं, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि असं वारंवार झाल्यानं खवले उचकटतात. आत शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच हा अभ्यास वाचायचा, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे.

तेव्हा न्हायच्या आदल्या रात्री किंवा तासभर आधी थोडं खोबरेल लावा, विशेषतः खालच्या अर्ध्या केसांना. चमचा-दोन चमचे पुरे. वासाच्या, रंगीत तेलाची बाटली घ्याल तर मागचं बारीक वाचा. मिनरल ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन असं लिहिलं असेल, तर ते वर सांगितलेलं खनिज तेल. त्यानं केस चमकतो, पण ते आत शिरत नाही.

जास्त खाल्लं तर चांगलं, असं नसतं

आपल्यापासून फार लांब नसलेल्या बुलढाणा जिल्ह्यातली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बाया, पुरुष, पोरं, सगळ्यांचेच केस अचानक गळू लागले. काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं. आधी लोकांनी पाण्याला दोष दिला, शाम्पूला दिला. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक तपासणीला आलं. विंचवाच्या विषावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपास केला. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाचा घटक खूप जास्त आणि जस्त कमी असल्याचं त्यांना आढळलं, आणि हे सेलेनियम रेशनच्या गव्हातून आल्याचं त्यांनी सांगितलं.

गंमत अशी, की सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभराच्याही लहान अंशानं. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत ते घातलेलं असतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. माशाच्या यकृताच्या तेलात, म्हणजे कॉड लिव्हर ऑइलमध्ये ते भरपूर असतं. ते अती झालं तरी केस गळतात, आणि गरोदरपणात बाळाला धोका होतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर माशाच्या तेलाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

फाटे कशानं फुटतात आणि काय करावं?

ओले केस जोरात विंचरणं, टॉवेलनं खसाखसा पुसणं, कपड्याच्या साबणानं केस धुणं, उन्हात उघड्या डोक्यानं काम करणं, रबरानं घट्ट आवळणं, लग्नसराईत गरम यंत्रानं केस सरळ करणं, वरचेवर रंग लावणं. आपल्या भागात बोअरच्या क्षाराच्या पाण्यानंही केस राठ होतात. उपाय साधे आहेत.

- केस अर्धवट वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्यानं आधी टोकाकडून गुंता सोडवा, मग वरून विंचरा. बारीक फणी फक्त उवांसाठी.
- जुन्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यानं केस टिपून घ्या, चोळू नका.
- शेतात जाताना वेणी वळून रुमालाच्या आत घ्या. रबराऐवजी कापडी फीत वापरा.
- शक्य असेल तर शेवटचा तांब्या पावसाच्या साठवलेल्या किंवा गोड्या पाण्याचा घ्या.
- फुटलेलं टोक कापून टाका. फाट्यावर हा एकच खरा इलाज. दर तीन महिन्यांनी एक सेंटिमीटर कापलं, तर तेवढ्यात केस तीन सेंटिमीटर वाढलेला असतो, वेणी आखूड होत नाही. बोथट कात्रीनं मात्र नवे फाटे फुटतात. गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंची धारदार कात्री मागून घ्या.

गुंतवळ टाकण्याआधी एकदा पाहा

भांडीवालीसाठी आपण गुंतवळ जमवून ठेवतो. ती उजेडात धरून पाहा. आखूड तुकडे जास्त असतील, तर केस तुटतायत. ते वरच्या काळजीनं थांबेल. लांब केस असतील आणि त्यांच्या टोकाला पांढरा बारीक मणी असेल, तर ते मुळातून आलेत. दिवसाला पन्नास-शंभर केस असे जाणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त जात असतील, त्यासोबत धाप लागत असेल, थकवा येत असेल, पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे वीस जणींचा गट बसला, तर दहा-अकरा जणी त्यात येऊ शकतात.

त्या डब्यावाल्या ताईंना आम्ही गुंतवळ आणायला सांगितलं. फाटे तर होतेच, पण पांढऱ्या मण्याचे केसही ओंजळभर होते. आशाताई त्यांना उपकेंद्रात घेऊन गेल्या. रक्त नऊच्या खाली निघालं. कित्येक महिन्यांपासून जिना चढताना, पाण्याची घागर उचलताना धाप लागत होती. त्यांना वाटायचं, वयानं होतंय. तेलाच्या गोळ्यांत लोह नव्हतंच. त्या आणखी सहा महिने घेतल्या असत्या, तर बचत गेली असती आणि रक्त होतं तिथंच राहिलं असतं. आता डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या चालू आहेत. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या, चहासोबत नको. जोडीला डाळ, हरभरा, अंडी, पालेभाजी असू द्या, कारण केस प्रथिनाचा असतो आणि प्रथिन ताटातूनच येतं.

शेवटी एक. पुन्हा कुणी डबा घेऊन दारात आलं, तर पैसे काढायच्या आधी डबा हातात घ्या. अशा पूरक गोळ्यांच्या वेष्टनावर, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असं कायद्यानं छापावं लागतं. बहुतेक वेळा ते इंग्रजीत असतं, म्हणून शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. कंपनी स्वतःच औषध नाही म्हणत असेल आणि विकणारी बाई इलाज म्हणत असेल, तर दोघींतलं कुणाचं खरं धरायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या बैठकीला गुंतवळ, कात्री आणि जवसाची चटणी, तिन्ही घेऊन या. आणि आशाताईंना रक्त तपासायचं साहित्य घेऊन बोलवा.