नाडी नियमित, तरीही अलिंद निश्चल
हृदयातील अमायलॉइडोसिस आणि प्रतिमा-तपासण्या

वय सत्तरीच्या आसपास, पायांवर शोथ, जिना चढताना लागणारी धाप आणि बलहानी अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या टू-डी इकोच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन ५५ वा ६० टक्के असते आणि 'हृदय उत्तम आहे' असे त्याला सांगितले गेलेले असते. परंतु हा आकडा केवळ डाव्या निलयाच्या आकुंचनाचा आहे. अलिंदाच्या कार्याविषयी तो काहीही सांगत नाही. हृदयातील अमायलॉइडोसिस या व्याधीत मात्र अलिंदाचे कार्य हाच अनेकदा कळीचा मुद्दा ठरतो. म्हणून या लेखात त्याचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

व्याधीचे स्वरूप

शरीरातील काही प्रथिनांची घडी बिघडते, त्यांचे न विरघळणारे सूक्ष्म तंतू बनतात आणि ते हृदयपेशींच्या मधल्या जागेत साचतात. हृदयाच्या बाबतीत दोन प्रकार प्रमुख आहेत. एएल प्रकारात अस्थिमज्जेतील विकृत प्लाझ्मा पेशी सदोष प्रथिन निर्माण करतात. एटीटीआर प्रकारात यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन कारणीभूत असते. हा दुसरा प्रकार काहींत आनुवंशिक असतो, तर काहींत केवळ उतारवयात, विशेषतः पुरुषांत, उद्भवतो. 'अमायलॉइड' व 'आम' या शब्दांतील उच्चारसाम्यावरून दोहोंचे ऐक्य मानण्याचा मोह होऊ शकतो. तो आपण टाळावा, असे आम्हांस वाटते.

निलयाची भित्ती या संचयाने जाड व ताठर होते. अलिंदाची भित्ती मुळातच पातळ असते आणि तिच्यावर दुहेरी आघात होतो. एक म्हणजे ताठर निलयात रक्त लोटण्याचा भार तिच्यावर पडतो आणि दुसरे म्हणजे तिच्यातही तेच तंतू साचतात.

अलिंदाची तीन कार्ये

निलय आकुंचन पावत असताना फुप्फुसांकडून येणारे रक्त साठविणे, हे डाव्या अलिंदाचे पहिले कार्य. झडप उघडताच ते रक्त निलयाकडे वाहू देणे, हे दुसरे. शेवटी स्वतः आकुंचन पावून उरलेले रक्त पुढे ढकलणे, हे तिसरे. निरोगी व्यक्तीत निलयाच्या भरणातील सुमारे २० ते ३० टक्के वाटा या अखेरच्या आकुंचनाचा असतो. अमायलॉइडोसिसमध्ये तिन्ही कार्ये क्षीण होतात.

प्रतिमांतून काय दिसते?

इकोमध्ये प्रथम डाव्या अलिंदाचे आकारमान पाहिले जाते. शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे ३४ मिलिलिटरपेक्षा अधिक आकारमान हे वाढलेले समजतात. डॉपलरमध्ये झडपेतून जाणाऱ्या रक्ताच्या दोन लहरी दिसतात. त्यांपैकी दुसरी, म्हणजे 'ए' लहर, अलिंदाच्या आकुंचनाची असते. ती लहान दिसली तर अलिंद दुर्बल आहे असा संशय येतो. तथापि निलयातील वाढलेल्या दाबामुळेही ती लहान होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणून स्पेकल ट्रॅकिंग या पद्धतीने अलिंदभित्तीचा ताण, म्हणजेच स्ट्रेन, मोजतात. रक्त साठविताना निरोगी अलिंदाची भित्ती सरासरी ३९ टक्के ताणली जाते. या व्याधीत हा आकडा अनेकदा निम्म्याहूनही खाली येतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम दिल्यानंतर अलिंदाची भित्तीही उजळलेली दिसू शकते. तंतूंच्या संचयाची ती खूण असते. टेक्नेशियमयुक्त स्कॅनमुळे एटीटीआर प्रकार ओळखण्यास मोठे साहाय्य होते. मात्र त्याबरोबर रक्त व मूत्राच्या तपासण्या करून एएल प्रकार नाही याची खात्री करावी लागते.

खरा धोका

या रुग्णांत कधी कधी ईसीजी नियमित असतो, नाडीही समगतीने चालते, परंतु अलिंद यांत्रिक दृष्ट्या जवळजवळ निश्चल असते. विद्युत्संकेत पोहोचतो, पण आकुंचन होत नाही. नाडीतून आपल्याला निलयाच्या ठोक्याचा बोध होतो, अलिंदाच्या आकुंचनाचा नव्हे. साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये अशा ११६ हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश हृदयांत गुठळ्या आढळल्या. एएल प्रकारात तर सुमारे निम्म्या हृदयांत. गुठळीचा संशय असल्यास अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

आपले कर्तव्य

पुढील लक्षणे एकत्र दिसल्यास वैद्यांनी सावध व्हावे : दोन्ही हातांस पूर्वी झालेला कार्पल टनेलचा त्रास, उच्च रक्तदाबाची औषधे आपोआप अनावश्यक होणे, उभे राहताच येणारी भोवळ, इकोमध्ये १२ मिलिमीटर वा अधिक जाड भित्ती, परंतु ईसीजीच्या लहरी मात्र लहान. जीभ जाड होणे वा डोळ्यांभोवती जांभळे डाग पडणे ही एएलची चिन्हे असू शकतात आणि त्यात विलंब घातक ठरतो. अशा रुग्णास त्वरित हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे व अलिंदाच्या स्ट्रेनविषयी आवर्जून विचारणा करावी.

एटीटीआर प्रकारासाठी टाफामिडिस या औषधाची उपयुक्तता २०१८ मध्ये सिद्ध झाली. व्याधी प्रारंभावस्थेत असताना त्याचा लाभ अधिक होतो. निदानातील प्रत्येक महिना मोलाचा आहे, तो याचसाठी. रुग्णास रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास ती आपण बंद करू नयेत आणि सोबत कोणतेही द्रव्य देताना तज्ज्ञांस कळवावे. रक्तदाब मुळातच कमी असलेल्या अशा रुग्णांत तीव्र स्वेदन वा विरेचनाने द्रवक्षय करणे धोक्याचे आहे.

त्रिमर्मांमध्ये हृदयाची गणना करणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. त्या मर्माचा एक कप्पा शांतपणे थांबला असताना केवळ नाडी नियमित आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये, एवढेच आमचे वैद्यवर्गास नम्र निवेदन आहे.