दिवस भरलेली गाय

गाय गाभण राहिली की घरात आनंद होतो. वासरू होईल, दूध सुरू होईल, चार पैसे हाती येतील. नऊ महिने सारे घर तिच्याकडे आशेने बघते. पण हे सारे शेवटी एका रात्रीवर येऊन ठेपते. त्या रात्री गाय अडली आणि कोणाला कळले नाही, तर वासरू जाते. कधी कधी गायही जाते. मग वर्षाची मेहनत गेली, घरचे दूध गेले, आणि गाय कर्जाची असेल तर डोक्यावर कर्ज तेवढे उरले.

बहुतेक गाई आपल्या आपणच वितात. त्यांना माणसाच्या हाताची गरज नसते. गरज असते ती डोळ्यांची. नुसते बघत केव्हा राहायचे आणि डॉक्टरांना केव्हा बोलवायचे, हे ज्याला कळले त्याचे नुकसान टळते. ते कसे ओळखायचे, ते आता पाहू.

तारीख लिहून ठेवा

गाय कधी फळली, असे विचारले तर पुष्कळ लोक म्हणतात, "असेल होळीच्या सुमारास." अशा सुमारावर दिवस मोजता येत नाहीत. तुम्हाला आता लिहिता येते. तेव्हा गाय ज्या दिवशी फळवली, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा वहीत लिहा.

गाय साधारण २८० दिवसांनी विते. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, ते जवळजवळ बरोबरच आहे. म्हशीला मात्र दहा महिने आणि वर दहा दिवस लागतात.

गाईचा हिशेब सोपा आहे. फळवल्याच्या तारखेपासून तीन महिने मागे जा आणि सात दिवस मिळवा. समजा, गाय १ जूनला फळवली. तीन महिने मागे गेलो की १ मार्च येतो. त्यात सात दिवस मिळवले की ८ मार्च. म्हणजे पुढच्या वर्षी ८ मार्चच्या आसपास गाय व्यायला होईल. आठवडाभर मागेपुढे झाले तरी घाबरू नका.

याच तारखेच्या दोन महिने आधी गाय आटवायची. पोटातले वासरू शेवटच्या दोन महिन्यांतच झपाट्याने वाढते. गाईच्या कासेलाही विसावा हवा असतो. शेवटपर्यंत धार काढत राहिलात, तर पुढच्या वेतात दूध कमी मिळते.

जागा तयार करा

व्यायला पंधरा दिवस उरले की गाय इतर जनावरांपासून वेगळी बांधा. दुसऱ्या जनावराची धडक पोटाला लागू नये. जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. खाली भुसा किंवा पालापाचोळा अंथरा. फरशी निसरडी असेल तर गाय घसरून पडते. दावे लांब ठेवा. गाईला नीट बसता आले पाहिजे, उठता आले पाहिजे, वळता आले पाहिजे. पाणी जवळच ठेवा.

गाय काय सांगते

गाय बोलत नाही, पण तिचे अंग बोलते.

पंधरा दिवस ते तीन आठवडे आधी कास भरू लागते. पहिलारू कालवडीची कास याहूनही आधीपासून भरते.

एकदोन दिवस आधी शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. तिथे बोटांनी दाबून बघा. एरवी दोरीसारखे ताठ लागते, ते आता सैल झालेले असते. मागचे अंग सुजते, लोंबते. तिथून चिकट, पारदर्शक स्राव येतो. सड तटतटून भरतात.

काही तास उरले की गाय बेचैन होते. वैरण टाकली तरी खात नाही. उठते, बसते, पुन्हा उठते. शेपूट वर धरते. वळून पोटाकडे बघते. थोडे थोडे शेण टाकते, थोडे थोडे मुतते.

ही लक्षणे दिसली की दर दोन तासांनी बघा. रात्री घरातल्या माणसांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. बघताना गलका करू नका. तोंडावर बॅटरी मारू नका. भोवती माणसे जमली की गाय बिचकते आणि कळा थांबतात.

घड्याळ बघा

बेचैनी सुरू झाल्यापासून दोन ते सहा तास जातात. पहिलारू असेल तर आणखी वेळ लागतो. या वेळात काही करायचे नसते.

मग पाण्याची पिशवी दिसते. ती आपोआप फुटते. तुम्ही फोडू नका. पिशवी दिसली की घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.

आता गाय जोराने कळा देते. आधी पुढचे दोन पाय दिसतात. खुरांचे तळवे जमिनीकडे असतात. दोन्ही पायांवर टेकलेले नाकाडे दिसते. माणूस विहिरीत सूर मारताना हात पुढे धरतो ना, तसे वासरू बाहेर येते. असे दिसले तर काळजी नाही. जुनी गाय बहुधा तासाभरात मोकळी होते. पहिलारूला दोन तासही लागतात, पण काम थोडे थोडे पुढे सरकत असते.

केव्हा डॉक्टरांना बोलवायचे

पुढे लिहिल्यापैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी सकाळची वाट बघू नका.

१. गाय तासभर जोराने कळा देते आहे, पण पुढे काहीच सरकत नाही.

२. एकच पाय दिसतो. किंवा दोन पाय दिसतात, पण नाकाडे दिसत नाही.

३. खुरांचे तळवे आभाळाकडे आहेत. हे बहुधा मागचे पाय असतात.

४. नुसती शेपटी दिसते.

५. कळा येत होत्या त्या थांबल्या आणि गाय थकून पडली.

६. खूप रक्त जाते आहे.

अशा वेळी चार गडी जमवून दोरीने ओढू नका. आत वासराची मान मुरडलेली असेल, तर ओढल्याने ती सुटत नाही, उलट जास्त अडकते. गाईचे आतले अंग फाटते. मळक्या हाताने आत चाचपले तर विषार होतो.

पहिलारू लहान अंगाची आणि वासरू मोठ्या जातीच्या वळूचे असेल, तर गाय अडण्याचा धोका अधिक. तिच्यावर जास्त लक्ष ठेवा. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात आधीच लिहून ठेवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

वासरू बाहेर आल्यावर

वासराच्या नाकातोंडातला चिकटा पुसा. गाईला ते चाटू द्या. ती चाटत नसेल तर कोरड्या पोत्याने अंग चोळा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. शेण, राख, हळद लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. वार पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही, असे पुष्कळ ठिकाणी मानतात. ही समजूत वासराच्या जिवावर उठते. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद नसते. ती चिकातून मिळते. पहिल्या काही तासांत वासराचे आतडे ही ताकद शोषून घेते. दिवस उलटला की ते दार बंद होते. म्हणून तासाभरात चीक पाजा. वासरू २५ किलोचे असेल तर पहिल्या दिवसभरात थोडा थोडा करून अडीच लिटर चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. उरलेल्या चिकाचा खरवस करा. आधी वासरू, मग खरवस.

वासराने कास ढोसली की वार पडायलाही मदत होते. वार बहुधा बारा तासांत पडते. पडली नाही तर ओढू नका. तिला वीट, दगड किंवा चप्पल बांधू नका. डॉक्टरांना दाखवा. पडलेली वार गाईला खाऊ देऊ नका. खोल खड्ड्यात पुरा.

वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घाला. निदान हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा. गाय गाभडली असेल तर फारच जपा. ब्रुसेला नावाचा रोग गाईंना गाभडवतो आणि वारेतून माणसाला लागतो. मग ताप येतो-जातो, सांधे धरतात. घरात गरोदर बाई असेल तर तिला या कामाला लावू नका. या रोगाची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा टोचतात. ती चुकवू नका.

आणखी तीन दिवस

गाय व्याली म्हणून लगेच बेफिकीर होऊ नका. तीन दिवस लक्ष ठेवा. पुष्कळ दूध देणारी, तीनचार वेते झालेली गाय व्याल्यावर एकाएकी बसते. उठवली तरी उठत नाही. कान गार पडतात. मान कुशीवर टाकते. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग गारच असते. रक्तातले कॅल्शियम दुधात गेल्याने असे होते. डॉक्टरांनी वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले तर बसलेली गाय थोड्या वेळात उठते. उशीर झाला तर मरते. अशा गाईला तोंडाने काढा किंवा तेल पाजू नका. तिला गिळता येत नाही. पाजलेले फुप्फुसात जाते.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती लिहिलेली तारीख, जागता डोळा आणि वेळेवर केलेला एक फोन. आज गोठ्यात जा. गाय गाभण असेल तर तिची तारीख लिहिली आहे का, ते बघा. नसेल तर घरात विचारा, आठवा, आणि आजच लिहा.